वाड्याचं लाकूड, नवं घर

वाडा उतरवायचा ठरला की आपल्याकडे पहिला फोन जेसीबीवाल्याला जातो. तो सुताराला जायला हवा. विंचूर, लासलगाव, निफाड, येवला या पट्ट्यातल्या गावठाणांमध्ये सागाचे खांब, तुळया आणि चौकटी असलेली जुनी घरं अजून उभी आहेत. वाटण्या होतात, भाऊबंद नाशिकला-पुण्याला राहायला जातात, एखाद्या पावसाळ्यात मागची भिंत बसते आणि मग एक-दोन दिवसांत सगळं भुईसपाट होतं. बकेटनं ओढलेली तुळई मधोमध पिचते, खांबाची कुसवं, म्हणजे खाचेत बसणारी टोकं, मोडतात. जे धड उरतं ते वखारीत जाऊन पट्ट्यांमध्ये चिरलं जातं. शंभर-दीडशे वर्षं सुकलेला, गाभ्याचा साग असा मातीमोल होताना पाहवत नाही. हे लाकूड घेऊन त्यातूनच राहतं घर उभं करण्याची ज्यांची इच्छा आहे, त्यांच्यासाठी हा लेख.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. सुटं लाकूड घेऊ नका, सांगाडा घ्या. आणि नकाशा लाकूड हातात आल्यावर काढा. बहुतेकांचं उलटं होतं: आर्किटेक्टकडून बारा बाय पंधराच्या खोल्या आखून घेतात, मग त्या मापाच्या तुळया शोधत फिरतात. मिळत नाहीत. मग मिळालेल्या तुळया कापतात, नाहीतर लोखंडी चॅनेल घालतात आणि जुनं लाकूड शोभेपुरतं वर चिकटवतात. त्यापेक्षा नऊ फुटांच्या तुळया मिळाल्या असतील तर घर नऊ फुटांच्या खणांचं करा. मोठी खोली हवी असेल तर मध्ये खांब येऊ द्या. जुन्या ओसरीत खांब असायचेच, आणि त्यांना टेकून बसायला माणसंही असायची.

विंचूर हे सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकरांचं गाव, १७६१ च्या पानिपतातून परतलेल्या मातब्बरांपैकी ते एक. त्यांच्या घराण्याचा पुण्यातला वाडा टिळकांच्या गणेशोत्सवामुळे महाराष्ट्रभर ठाऊक झाला. सरदाराचा वाडा असो की शेतकऱ्याचं चार खणांचं घर, दोन्हींमागचं सुतारकाम एकाच विचाराचं आहे. जोत्यावर दगडी तळखडा, तळखड्यावर खांब, खांबाच्या डोक्यावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर आडव्या कड्या, कड्यांवर किलचण किंवा फळ्या आणि त्यावर माळवदाची माती. सांधे कुसू आणि खाचेचे, पाचर मारून घट्ट केलेले. खिळा अगदी गरजेपुरता. जे खिळ्याशिवाय जोडलं गेलंय ते न मोडता उकलता येतं, आणि आपला सगळा बेत याच गुणावर उभा आहे. कंबोडियातली ख्मेर लोकांची लाकडी घरंही अशीच उकलता येणारी असतात. उंच खांबांवर उभं राहिलेलं ते घर सुटं करून दुसऱ्या जागी नेतात, नाहीतर त्याचं लाकूड नव्या घरात घालतात. तिथे जंगलं तुटली, चांगलं कठीण लाकूड मिळेनासं झालं, तशी जुन्या घरांच्या लाकडाला किंमत आली. आपल्याकडेही आज वाड्यातल्या तुळईच्या जाडीचा, सरळ धाग्याचा साग नव्यानं घ्यायचा म्हटलं तर छाती दडपते.

काम सुरू करण्याआधी एकदा चांदवडचा होळकरांचा रंगमहाल आणि नाशिकचा सरकारवाडा पाहून या. सोबत सुताराला न्या. कोरीवकामाकडे नंतर बघा, आधी खांब आणि तुळई जिथे भेटतात तो सांधा खालून नीट न्याहाळा. तिथे जे कळतं ते कागदावर समजावून सांगता येत नाही.

लाकूड पारखताना

उभ्या घरातच लाकूड पारखा. उतरवून रचलेल्या ढिगात सगळंच चांगलं दिसतं. खांब बघायचा तो पायथ्यापासून. अर्धा इंची पटाशी घ्या आणि तळखड्याच्या वर चार बोटांवर तिचं टोक हातानंच दाबा. निरोगी साग टोकाला आत येऊ देत नाही, अगदी जोर लावला तर बारीक, चिवट ढलपी निघते आणि सागाचा तो तेलकट, चामड्यासारखा वास येतो. कुजलेल्या जागी पटाशी लोण्यात शिरावी तशी जाते, ढलपी न निघता चौकोनी तुकडे पडतात. मग लाकडी हातोडीनं खालून वर ठोकत जा. टणक आवाज येता येता एकदम भद्द आवाज आला तर तिथे आतून वाळवीनं पोखरलंय. शंका असेल तिथे तीन मिलिमीटरचं बारीक भोक पाडून बघा, भुसा कोरडा आणि सोनेरी-तपकिरी निघाला पाहिजे. काळपट, ओलसर भुसा निघाला किंवा ड्रिल मध्येच मोकळं फिरलं तर तो भाग हिशेबातून वजा करा.

तुळईचा आजार मधल्या भागात क्वचित असतो. तो असतो टोकांना, जिथे ती भिंतीत गाडलेली असते. तिथे दगडा-मातीचा ओलावा वर्षानुवर्षं लागलेला असतो. म्हणून दहा फुटांची तुळई दहा फूट मोजू नका, दोन्ही टोकं उघडी करून मगच माप घ्या. लांबीच्या दिशेनं गेलेल्या भेगांना घाबरू नका, लाकूड सुकताना त्या पडतातच. आडवी भेग, खालच्या अंगाला मधोमध पाडलेली खाच, किंवा मध्यावर मोठी गाठ मात्र चालणार नाही. अशा तुळईचे खांब करा, दाराच्या चौकटी करा, पण तिच्यावर छत टाकू नका. तुळईला बाक आला असेल तर टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणून तो मोजा आणि इंजिनिअरला दाखवा.

सालीलगतचा फिकट थर गाभ्याइतका टिकत नाही. साग म्हणजे वाळवी लागतच नाही, हे गाभ्याबद्दल बऱ्याच अंशी खरं आहे, फिकट थराबद्दल नाही. जुन्या कड्या बहुतेकदा कोवळ्या झाडांच्या, गोल असतात आणि त्यांच्यात हा थर जास्त असतो. सगळंच लाकूड साग असतं असंही नाही. बाभूळ, आंबा, कडुनिंब, जे हाताशी होतं ते लोकांनी लावलं. सागाच्या भावानं बाभूळ घेऊ नका, पण चांगल्या पिकल्या बाभळीला नाकही मुरडू नका. उंबऱ्याला आणि खुंट्यांना ती झकास.

भाव घनफुटावर ठरतो. चौकोनी लाकडाचं माप सोपं: आठ बाय आठ इंची, दहा फूट लांब तुळई म्हणजे साधारण साडेचार घनफूट. सुकलेल्या सागाचा घनफूट सुमारे १८ किलो भरतो, म्हणजे ही एक तुळई ८० किलोंची. उतरवायला माणसं किती लागतील हेही त्यावरून कळतं. गोल लाकडाचा घेर मोजून त्याचा चौथा भाग करतात, त्याचा वर्ग करून लांबीनं गुणतात. कुसू, खाचा आणि कुजका भाग वगळूनच माप धरायचं, हे सौदा होण्याआधी बोलून घ्या. उतरवणं, वाहतूक आणि खिळे काढणं कोणाकडे, तेही तेव्हाच ठरवा.

कागदपत्रं

या बाबतीत आळस नको. साग वाहून नेताना तो कुठून आला याचा पुरावा विचारला जाऊ शकतो. मालकाशी लेखी खरेदीखत करा, त्यात घराचा मिळकत क्रमांक आणि लाकडाची यादी लिहा, ग्रामपंचायतीचा दाखला घ्या आणि उभ्या घराचे, उतरवतानाचे फोटो ठेवा. गाडी भरण्याआधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाऊन वाहतूक परवान्याबद्दल विचारा. घर सामाईक असेल तर प्रत्येक हिस्सेदाराची सही हवी, एका भावाच्या शब्दावर तुळई उतरवू नका. आणि १९७२ चा पुरावशेष कायदा ध्यानात ठेवा: शंभर वर्षांहून जुनी, इमारतीपासून सुटी केलेली वस्तू त्याच्या व्याख्येत बसू शकते. मूर्तिकाम असलेली गणेशपट्टी, कोरीव हस्त असा ऐवज असेल तर पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करून मगच व्यवहार करा. असा माल धंदा म्हणून विकायला परवाना लागतो. नव्या बांधकामाची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला वेगळा, कर्ज काढायचं असेल तर बँक तो मागेलच.

उतरवणं

संक्रांत झाली की कामाला लागा. मेअखेर नव्या जागेवर छप्पर चढलं पाहिजे, हा हिशेब धरून मागे मोजत या. उतरवण्याआधी घराचा नकाशा काढून प्रत्येक खांबाला, तुळईला, कडीला क्रमांक द्या. खडूनं लिहिलेले आकडे पहिल्याच धुळीत जातात, म्हणून पत्र्याच्या टिकल्या बारीक चुकांनी ठोका. तुळईचं कोणतं टोक पूर्वेला, कोणती बाजू वर, हेही लिहा. जुन्या सुतारांनी प्रत्येक कुसू त्या-त्या खाचेला बेतून केलेलं असतं, शेजारच्या खांबात ते बसेलच असं नाही. काही ठिकाणी सांध्यालगत त्यांनीच पटाशीनं केलेल्या खुणा सापडतात. त्या जपा.

क्रम बांधणीच्या उलटा: आधी माळवदाची माती खाली, मग किलचण, कड्या, तुळया आणि शेवटी खांब. माती काढताना ती एका कोपऱ्यात साठू देऊ नका. शंभर चौरस फूट छतावर फूटभर जाडीची माती म्हणजे पाच टनांच्या आसपास वजन, ते एका बाजूला गेलं की सांगाडा कलतो. पाचर बाहेर ठोकून काढा. सांधा अडला तर कुसू कापायचा मोह होईल, तो आवरा. पहारेनं उचकटण्याऐवजी तुळईला खालून जॅक लावून केसभर उचला, सांधा सुटतो.

खिळे सगळे काढा आणि हातातल्या मेटल डिटेक्टरनं दोनदा तपासा. आत राहिलेला एक खिळा गिरणीतलं करवतीचं पातं तोडतो आणि उडालेला तुकडा माणसाला लागतो. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता मोठी, घरगुती रंगांतलं शिसं भारतात कायद्यानं बांधलं गेलं ते २०१७ पासून. म्हणून रंग कोरडा घासू नका. ओला करून खरवडा, तोंडाला चांगला मास्क लावा, पोरांना लांब ठेवा. आणि रंगीत ढलप्या चुलीत किंवा बंबात घालू नका.

लाकूड नव्या जागी आलं की सावलीत, जमिनीपासून फूटभर वर, थरांमध्ये इंचभर पट्ट्या घालून रचा. ताडपत्रीनं चहूबाजूंनी गुंडाळू नका, आत घाम धरतो. कीडनाशक म्हणून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड पुरेसं आहे: तीन किलो बोरॅक्स, दोन किलो बोरिक ॲसिड, ४५ लिटर कोमट पाणी. हे ब्रशनं दोन-तीन हात द्या, सांध्यांच्या खाचांत आणि टोकांना जास्त. हातात मोजे घाला. पावसानं हे औषध धुऊन जातं, तेव्हा बाहेरच्या अंगाला नंतर जवसाच्या उकळलेल्या तेलाचे हात हवेतच. त्या तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा पसरून वाळवा.

उभारणी

आपल्या भागात जमिनीचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर जोतं बांधलं तर तळखडे खाली-वर होणार आणि सांधे ताणले जाणार. मुरूम लागेपर्यंत खोदा आणि जोत्यात भरही मुरुमाचीच टाका. काळी फार खोल असेल तर पाइल घ्यावे लागतील, तो निर्णय इंजिनिअरचा. जोतं निदान अडीच फूट उंच हवं. खालून-बाजूनं हवा खेळली पाहिजे, हे कांदाचाळ बांधणाऱ्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. लाकडालाही तोच नियम. खांबाचा पायथा कधीच काँक्रीटमध्ये गाडू नका, वाळवीला आणि पाण्याला ते आमंत्रण आहे. पायथ्याचे आठ-दहा इंच कुजले असतील तर तेवढे सरळ कापून टाका आणि तळखड्याचा दगड तेवढा उंच घ्या. सांधा देऊन नवा तुकडा जोडण्यापेक्षा हे सोपं, स्वस्त आणि जास्त टिकाऊ.

आता भूकंपाबद्दल, कारण नाशिक जिल्हा झोन तीनमध्ये येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादकडची माळवदाची घरं पडली. त्यात माणसं मेली ती मुख्यतः जाड दगड-मातीच्या भिंती कोसळून आणि छतावरच्या मातीखाली दबून. अनेक ठिकाणी भिंती ढासळल्या तरी आतला लाकडी सांगाडा उभाच राहिला. यातून घ्यायचा धडा सरळ आहे. भिंती हलक्या करा, त्यांच्यावर छताचा भार देऊ नका, विटेची नऊ इंची भिंत सांगाड्यापासून वेगळी उभी राहील आणि आडव्या पट्ट्यांनी बांधलेली असेल असं बघा. छतावर माती घालू नका. आणि खांब-तुळईच्या प्रत्येक कोपऱ्यात तिरका लाकडी आधार द्या. जुन्या घरांत तो नसायचा, कारण भिंतीची जाडीच सांगाड्याला धरून ठेवायची. भिंत पातळ केली की हे तिरके आधार देणं भागच आहे. सौंदर्याच्या नावाखाली ते टाळणाऱ्या कंत्राटदाराचं ऐकू नका.

माती गेली आणि मंगलोरी कौलं आली की शंभर चौरस फुटांचं वजन पाच टनांवरून काहीशे किलोंवर येतं. तुळयांना मोठा दिलासा. पण जी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही ती अशी, की त्या मातीच्या वजनानंच सगळा सांगाडा जागेवर दाबून धरलेला होता. आता वळवाचं वादळ आलं तर हलकं छप्पर उचलायला बघेल, आणि निफाड-येवल्यात वळीव काय करतो हे द्राक्षवाल्यांना विचारा. म्हणून वासे तुळईला, तुळई खांबाला आणि खांब तळखड्याला गंज न चढणाऱ्या स्टीलच्या पट्ट्यांनी आणि बोल्टांनी बांधा. खांबाच्या तळाशी मधोमध स्टीलची सळई घालून ती दगडात बसवा, बाहेरून काही दिसत नाही. पत्रा घालणार असाल तर ही काळजी दुप्पट घ्या.

सांगाडा ओळंब्यात उभा करा, तिरक्या बल्ल्यांनी तात्पुरता आवळा, मग लगेच छप्पर करा आणि भिंती त्यानंतर. यात लाकडावर पाऊस पडत नाही आणि गवंडी सावलीत काम करतो. तुळईची जी टोकं भिंतीत जातील त्यांच्याभोवती बोटभर मोकळी जागा ठेवा, सिमेंटनं लिंपू नका. वायरिंग आणि नळ भिंतीतून न्या. तुळईला वायरसाठी खाच पाडू द्यायची नाही, हे इलेक्ट्रिशियनला पहिल्याच दिवशी सांगा. छपराचा उतार चांगला तीव्र ठेवा आणि पागोळ्या भिंतीपासून अडीच फूट लांब पडतील एवढी वळचण काढा. खांबांचं आयुष्य या वळचणीवर आहे.

घरातली वडीलधारी माणसं एक शंका काढतील: दुसऱ्याच्या वास्तूचं लाकूड आपल्या घराला लावावं का? तिची थट्टा करू नये, तो श्रद्धेचा भाग आहे. पण आपल्या गावठाणांत चौकटी, उंबरे, खांब एका घरातून दुसऱ्या घरात गेल्याची उदाहरणं हवी तेवढी सापडतात, आणि ती घरं पिढ्यान्‌पिढ्या नांदली. ज्यांचं लाकूड आणलं त्यांना वास्तुशांतीला मानानं जेवायला बोलवा. एका घराण्याच्या ओसरीचे खांब तुम्ही घेताय, हे नातं मानलं की मनातली अढी बरीच सुटते.

सुतार निवडताना त्यानं फर्निचर किती केलं हे विचारू नका. तुळई चढवली आहे का, कुसू काढता येतं का, हे विचारा. गावात सत्तरीचा एखादा जुना सुतार असेल आणि त्याच्या हातात आता ताकद नसेल, तर त्याला मजुरी देऊन नुसतं बसवून ठेवा आणि काम तरुण सुताराकडून करून घ्या. पटाशी कुठे थांबवायची हे त्या जुन्या सुताराला डोळ्यांनी कळतं. यंत्रावरचं काम मात्र आनंदानं यंत्रावर करा, फक्त जुन्या लाकडाचा दर्शनी भाग रंध्यानं सपाट करू नका. वाकसाच्या जुन्या घावांची ती लहरी पृष्ठं एकदा गेली की परत येत नाहीत. तारेच्या नको, नारळाच्या कुंच्यानं धूळ काढा, ओल्या फडक्यानं पुसा आणि तेल लावा. पॉलिशचा चकचकीत थर देऊ नका, त्याखाली ओल अडकते.

घरात राहायला गेल्यावर दरवर्षी मे महिन्यात अर्धा दिवस काढा. बॅटरी घेऊन प्रत्येक खांबाचा पायथा आणि तुळईचं टोक बघा, जोत्यावरून वर चढणारी वाळवीची मातकट नळी दिसली तर ती मोडा आणि ती कुठून आली ते शोधा. फुटकी कौलं बदला. ढिली झालेली पाचर पुन्हा ठोका, पहिल्या दोन वर्षांत ती होतेच. उन्हाच्या बाजूच्या लाकडाला तेलाचा हात द्या. आणि उतरवताना काढलेला क्रमांकांचा नकाशा प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून घराच्या कागदपत्रांसोबत ठेवा. पुढे कोणाला एखादा खांब बदलावा लागला किंवा हेच घर पुन्हा उतरवून न्यावं लागलं, तर त्याच्या हाती तो असायला हवा.